दोन ठाण्यांची हद्द, एकच आरोपी

समजा, उदगीरला एका बंद घराची खिडकी फोडून चोरी झाली. काच फोडताना चोराचा हात कापला आणि चौकटीवर रक्ताचे दोन थेंब सुकून राहिले. तीन महिन्यांनी देगलूरला तशीच घरफोडी झाली. तिथे रक्त नाही, पण चोर पाणी पिऊन बाटली तिथेच टाकून गेला. जिल्हे दोन, ठाणी दोन, तपासी अंमलदारही दोन, आणि दोन्ही फिर्यादींत आरोपी अनोळखी. काही हाती लागलं नाही की 'अ' समरी जाते, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळून येत नाही. दोन्ही फायली आपापल्या कपाटात बंद होतात.

डीएनए तपासणी म्हटलं की आरोपी पकडायचा, त्याचं रक्त घ्यायचं आणि घटनास्थळाच्या नमुन्याशी जुळवायचं, असंच चित्र डोळ्यांसमोर येतं. पण संशयित कोण हे ठाऊक नसतानाही उदगीरचं रक्त आणि बाटलीच्या तोंडावरची लाळ एकमेकांशी ताडून पाहता येते. दोन्ही एकाच माणसाची निघाली, तर दोन तपासांचा एक तपास होतो. एका ठिकाणचं सीसीटीव्ही, दुसऱ्या ठिकाणचं मोबाइल लोकेशन, तिसऱ्या ठिकाणचा साक्षीदार असं सगळं एकत्र मांडता येतं. माझ्या मते या तंत्राची खरी ताकद इथेच आहे, आणि आपल्याकडे तिचाच वापर सर्वांत कमी होतो.

गुन्हेगारी तपासातली डीएनएची सुरुवातच मुळी अशी झाली. इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये १९८३ आणि १९८६ साली पंधरा वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार करून त्यांचा खून झाला. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली होती. लेस्टर विद्यापीठातल्या ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत शोधली होती, म्हणून पोलिसांनी नमुने त्यांच्याकडे नेले. उत्तर आलं ते असं, की दोन्ही खून एकाच माणसाने केले आहेत आणि तो माणूस हा मुलगा नाही. कबुली देऊन बसलेला निरपराध मुलगा सुटला. आसपासच्या गावांतल्या हजारो पुरुषांचे नमुने घेतल्यावर खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क १९८७ मध्ये पकडला गेला. डीएनएने आधी एकाला सोडवलं, मग दुसऱ्याला पकडलं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

प्रयोगशाळेत नेमकं काय पाहतात? आपल्या डीएनएमध्ये काही ठिकाणी चार-चार अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो कुणात सहा वेळा, कुणात नऊ वेळा. प्रत्येक ठिकाणी दोन आकडे मिळतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. अशी साधारण वीस ठिकाणं तपासतात. एका ठिकाणची जोडी दहा माणसांत एकाची असते असं धरलं, तर तीन ठिकाणी तिन्ही जोड्या जुळणारा हजारात एक निघेल आणि दहा ठिकाणी हजार कोटींत एक. पृथ्वीवर माणसं आहेत आठशे कोटींच्या आसपास. वीसही ठिकाणं जुळली, तर एकसारखी जुळी भावंडं सोडून दुसऱ्या कुणाचा नमुना असण्याची शक्यता व्यवहारात उरत नाही.

नमुनाही किती थोडा लागतो! दीडशेएक पेशींतला डीएनए मिळून एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग भरतो आणि तेवढा पुरतो. पीसीआर यंत्र प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती दुप्पट करतं. अठ्ठावीस फेऱ्यांत एकाच्या सव्वीस कोटींहून जास्त होऊ शकतात.

पण हा एक नॅनोग्रॅम मराठवाड्यातला असेल, तर त्याला आमचा उन्हाळा सोसावा लागतो. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो. उष्णता आणि ओल मिळून डीएनएचे तुकडे पाडतात. त्यात लांब तुकडे आधी जातात, आखूड टिकतात. रक्ताचा ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की आत घाम धरतो, बुरशी येते आणि जिवाणू डीएनए खाऊन टाकतात. म्हणून कपडा सावलीत पुरता वाळवायचा, कागदी लिफाफ्यात ठेवायचा, लाखेचं सील लावायचं, लेबलवर पंचांच्या सह्या घ्यायच्या. यात कसूर झाली की वीसऐवजी आठच ठिकाणचे आकडे वाचता येतात. संशयित समोर असेल तर त्याच्या ताज्या रक्तातून वीसच्या वीस मिळतात, त्यामुळे आठही काही तरी सांगतात. दोन गुन्हे एकमेकांशी जोडताना मात्र अडचण दुप्पट होते. उदगीरच्या नमुन्यात आठ ठिकाणं वाचली, देगलूरच्या नमुन्यात नऊ, आणि दोन्हींत सामाईक चारच निघाली, तर ठामपणे काही म्हणता येत नाही.

पुरुषांमधल्या वाय गुणसूत्राची तपासणी लैंगिक गुन्ह्यांत फार उपयोगी पडते, कारण पीडितेच्या पेशींच्या गर्दीतूनही पुरुषाचा डीएनए वेगळा वाचता येतो. पण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. चुलते, पुतणे, चुलतभाऊ सगळ्यांचं एकच. निम्मं गाव एका आडनावाचं असेल, तर हा अहवाल अख्ख्या भावकीकडे बोट दाखवतो, एका माणसाकडे नाही. सीए रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, हातात आल्यावर तपासणी कोणत्या प्रकारची आहे, हे आधी पाहायला हवं.

जुळणी खरी असूनही निष्कर्ष साफ चुकू शकतो. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये चाळीसच्या आसपास घटनास्थळांवर एकाच स्त्रीचा डीएनए सापडत गेला. किरकोळ चोऱ्यांपासून २००७ मध्ये हायलब्रॉन शहरात झालेल्या पोलीस महिलेच्या खुनापर्यंत. २००९ मध्ये उलगडा झाला, तेव्हा अशी गुन्हेगार अस्तित्वातच नव्हती. नमुने टिपायचे कापसाचे बोळे जिथे तयार होत, तिथल्या कामगार स्त्रीचा तो डीएनए होता. बोळे निर्जंतुक होते, पण जंतू मेले म्हणून डीएनए जात नाही. म्हणून नुसता डीएनए जुळला एवढ्यावर गुन्हे जोडू नयेत. वेळ, जागा आणि गुन्ह्याची पद्धतही जुळते का, हे पाहावंच लागतं.

आपल्या न्यायालयांनीही हे बजावलं आहे. एका तरुणीवरच्या अत्याचाराच्या आणि खुनाच्या, दिल्लीतल्या छावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना निर्दोष सोडलं. डीएनए अहवाल त्यांच्या विरोधात होता, पण नमुने ठाण्याच्या मालखान्यात पडून होते आणि त्या काळात त्यांना कुणी हात लावला नाही याची खात्री देता येईना. २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की नमुना गोळा केल्यापासून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे आणि तो कुणाकुणाच्या हातून गेला याची नोंद ठेवली पाहिजे. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला आणि नांदेडला न्यायसहायक प्रयोगशाळा आहेत. तरी ठाण्यातला एकच अंमलदार मुद्देमाल घेऊन एसटीने जाणार, आणि त्याच दिवशी बंदोबस्तही लागलेला असणार. ४८ तास पाळायचे तर त्याला गाडी आणि मोकळीक द्यावी लागेल.

मोठी पोकळी मात्र वेगळीच आहे. उदगीरहून बीदर आणि देगलूरहून निजामाबाद दोन-अडीच तासांच्या आत आहे. चोराला राज्याची सीमा आडवी येत नाही, नमुन्याला येते. ब्रिटनमध्ये १९९५ पासून राष्ट्रीय डीएनए साठा आहे. असाच साठा उभारू पाहणारं आपलं डीएनए विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. लोकांचा डीएनए सरकारजमा करण्याला झालेला विरोध मला रास्त वाटतो. पण दोन गुन्हे जोडायला कुणा नागरिकाचा डीएनए साठवावा लागत नाही. न उलगडलेल्या घटनास्थळांच्या नमुन्यांचे नुसते आकडे, नाव-गाव काहीही न लिहिता, महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाच्या प्रयोगशाळांना एकमेकींशी ताडता आले तरी पुरे. उदगीरच्या रक्ताला जोड बीदरमध्ये सापडली, तर 'अ' समरी गेलेली फाइलही न्यायालयाला कळवून पुन्हा तपासाला घेता येते.