प्रयोग आणि अर्थ यांचे अध्यापन (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना क्रियापदाचे प्रयोग (कर्तरी: रूप कर्त्याप्रमाणे; कर्मणी: कर्माप्रमाणे; भावे: दोन्हींप्रमाणे नाही) आणि अर्थ, म्हणजे क्रियापदाच्या रूपातून कळणारा बोलणाऱ्याचा हेतू (स्वार्थ: नुसते सांगणे; आज्ञार्थ: आज्ञा, आशीर्वाद; विध्यर्थ: ‘करावे’; संकेतार्थ: ‘असे असते तर’), शिकवणे. हा भाग १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. इथली मुले मराठीबरोबर कन्नडही शिकतात.

खरी अडचण कर्मणीत येते. कन्नडमध्ये क्रियापद भूतकाळातही कर्त्याच्याच मागे जाते: ‘अवनु हण्णु तिंदनु’ (त्याने फळ खाल्ले), ‘अवळु हण्णु तिंदळु’ (तिने फळ खाल्ले). मराठीत ‘त्याने चिंच खाल्ली’, ‘तिने आंबा खाल्ला’; खाणारा कोणीही असो, रूप कर्म ठरवते. बेळगावच्या बोलीत ‘मी काम केलो’, ‘मी सांगितलो’ असे सहज ऐकू येते. त्यावर नुसती लाल रेघ मारणे मुलावर अन्याय आहे, कारण कर्तरीचा नियम त्याने चोख पाळलेला असतो. प्रमाण मराठीतही ‘मी धडा शिकलो’, ‘मी पाणी प्यालो’ चालतेच.

‘कर्त्याला ने प्रत्यय आला की कर्मणी’ ही वर्गातली सोपी खूण दोन्हीकडून फसते. ‘मी भाकरी खाल्ली’ यात ने नाही, तरी प्रयोग कर्मणी. ‘शिपायाने चोराला पकडले’ यात ने आहे, तरी प्रयोग भावे. ‘तू आंबा खाल्लास’ हा तर कर्तृ-कर्म संकर, म्हणजे क्रियापद कर्ता आणि कर्म दोघांप्रमाणेही बदलते. खात्रीची कसोटी अदलाबदलीची. कर्ता तोच ठेवून कर्म बदलायचे: मी आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळे खाल्ले. मग कर्म तेच ठेवून कर्ता बदलायचा. ज्याच्या बदलाने क्रियापद बदलते, त्याच्या ताब्यात ते असते. कशानेच बदलले नाही तर भावे. मात्र घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाला आधी ‘ती चिंच’, ‘तो आंबा’ पक्के हवे. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी.

अर्थांपैकी आज्ञार्थ मुलांना ऐकूनच येतो. घोटाळा नावांचा होतो. ‘देवरु ओळ्ळेयदु माडलि’ यातले ‘माडलि’ कन्नड व्याकरणात विध्यर्थक. त्याच अर्थाचे ‘देव भले करो’ मराठीत आज्ञार्थ. मराठीचा विध्यर्थ म्हणजे ‘करावे’, आणि तिथे ने पुन्हा येतो: ‘आईने भाकरी करावी’ कर्मणी, ‘मुलांनी खेळावे’ भावे. म्हणून प्रयोगाचा पाठ संपवून महिन्याभराने अर्थाचा पाठ घेण्यापेक्षा विध्यर्थ कर्मणीला लागूनच घ्यावा. संकेतार्थाला खानापूरच्या भातशेतीतले वाक्य पुरते: ‘पाऊस पडला असता तर रोपलावण झाली असती.’