बारीक केसांना जोरदार ब्लीच? हा हिशेब चुकीचा आहे

‘केस नाजूक आहेत ना, मग कडक डेव्हलपर लावून पटकन उरकून टाका, जितका कमी वेळ, तितकं कमी नुकसान.’ हा सल्ला वर्षानुवर्षं ऐकू येतो. पटण्यासारखा वाटतो, पण खरा नाही.

डेव्हलपर म्हणजे ब्लीच पावडरीत मिसळायचं हायड्रोजन पेरॉक्साइड; त्याची तीव्रता ‘व्हॉल्यूम’मध्ये सांगतात. 10 व्हॉल्यूममध्ये ते साधारण 3 टक्के असतं, 20 मध्ये 6, तर 40 मध्ये 12 टक्के. ब्लीच केसातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य फोडतं, पण तेवढ्यावर थांबत नाही. केसाला मजबुती देणारे केरॅटिन या प्रथिनातले गंधकाचे बंधही तोडतं. बारीक केसाचा व्यास कमी असल्याने मिश्रण आतपर्यंत लवकर पोचतं. म्हणजे त्याला जास्त जोराची गरजच नसते! उलट 40 व्हॉल्यूममध्ये रंग कुठे थांबवायचा हे ठरवायला हाताशी वेळच उरत नाही, आणि केस रबरासारखे ताणले जाऊन तुटतात.

म्हणून 10 किंवा 20 व्हॉल्यूम, वरून उष्णता नाही, आणि दर काही मिनिटांनी केसांभोवती गुंडाळलेली फॉइल उघडून पाहणं. मुळांशी टाळूच्या उबेने रंग लवकर उतरतो, म्हणून तिथे मिश्रण शेवटी. आधी एका बटेवर चाचणी हवीच; ती टाळणाऱ्या सलॉनमध्ये मी तरी केस सोपवणार नाही. बंध जोडणारी उत्पादनं मदत करतात, कवच बनत नाहीत. फार फिकट छटा हवी असेल, तर ती दोन-तीन बैठकांत, मध्ये काही आठवडे सोडून करून घ्या.