गाळ जाळण्याआधी त्यातले पाणी काढा

पणजीजवळच्या टोंक येथील मलनिस्सारण प्रकल्पासारख्या ठिकाणी सांडपाणी शुद्ध होते, पण मागे गाळ उरतो. पाण्यातून निघालेली बरीच घाण या गाळातच साठते: जंतू, औषधांचे अंश, प्लास्टिकचे सूक्ष्म कण आणि नॉनस्टिक भांडी किंवा आग विझवण्याचा फेस यांतून येणारी पीएफएएस रसायने. कंपोस्टचा ढीग काही दिवस 55 अंशांच्या वर तापला की बहुतेक जंतू मरतात. पीएफएएसमधला कार्बन-फ्लोरिन बंध मात्र एवढ्याने तुटत नाही. म्हणून असा गाळ तपासल्याशिवाय कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, खत म्हणून घालणे मला पटत नाही.

तो बंध तोडायला प्रखर उष्णता हवी, पण इंधनाचा मोठा वाटा खातं ते पाणी. यंत्राने दाबलेल्या गाळातही साधारण 80 टक्के पाणी असते. म्हणजे एक टन गाळात 800 किलो. 30 अंशांच्या एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 0.7 युनिट ऊर्जा लागते, तेव्हा 800 किलोंना 560 युनिटांहून जास्त. तोच गाळ आणखी दाबून पाणी 70 टक्क्यांवर आणले, तर वाफ करायला 467 किलोच उरते आणि 330 युनिटांत भागते. ओले कपडे आधी पिळून मगच दोरीवर टाकतो, तसेच हे. ऑक्टोबर ते मेपर्यंत पुढचे काम गोव्याचे ऊन करू शकते. पावसाळ्यात हवाच ओलीचिंब, तेव्हा दाबयंत्रावरच भिस्त.

आणखी एक वाट म्हणजे गाळ वाळूत मिसळून खालून हवा सोडायची आणि ज्वाळेविना धुमसू द्यायचा. एकदा पेट घेतला की जळणाऱ्या थराची उष्णता पुढचा थर सुकवते, बाहेरचे इंधन फारसे लागत नाही. पीएफएएससाठी तापमान 900 अंशांच्या आसपास न्यावे लागते, त्यासाठी कोळशाची भर घालतात.

तिसरी वाट मला सर्वांत विलक्षण वाटते. 374 अंश आणि 221 बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दोनशेहून अधिक पट) दाबापलीकडे पाणी उकळतच नाही, त्यामुळे वाफ करण्याचा खर्च उरत नाही. त्यात ऑक्सिजन पूर्ण मिसळतो, सेंद्रिय पदार्थ काही सेकंदांत ते मिनिटांत जळतात आणि बाहेर पडणारे गरम पाणी आत येणारा गाळ तापवते. अडचण आहे ती क्षारांची: ते नळीत साचतात, क्लोराइड धातू खाते. किनारी भागात खारे भूजल गटारांत झिरपत असेल, तर ही अडचण अधिकच वाढेल.

कुठल्याही वाटेने गेले तरी सुटलेला फ्लोरिन हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू होऊन हवेत जाऊ नये, म्हणून चुन्याने पकडून कॅल्शियम फ्लोराइडमध्ये बांधावा लागतो. प्रकल्पाच्या खर्चात हा चुना पहिल्या दिवसापासून धरायला हवा.