लोणारचं हिरवं पाणी आणि लाल-निळे दिवे

लोणारच्या विवराच्या कडेवर उभं राहून खाली पाहिलं की सरोवराचं पाणी हिरवंगार दिसतं. त्या रंगामागे मोठा वाटा स्पिरुलिनाचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा धागा स्प्रिंगसारखा वेटोळा दिसतो. शास्त्रज्ञ त्याला नीलहरित जिवाणू म्हणतात, आपण शेवाळच म्हणू. लाल-निळ्या एलईडी दिव्यांखाली वाढवून याच्यापासून खायचा निळा रंग काढतात.

आपल्याकडे पूर्वी रंग झाडांचेच. होळीच्या आदल्या रात्री पळसाची फुलं गंजात भिजत घालायची, सकाळी पाणी केशरी झालेलं असायचं. करडईच्या फुलांनी कापड रंगायचं. मग १८५६ मध्ये विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला, १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि झाडांचे रंग मागे पडले. आता खाण्यात पुन्हा नैसर्गिक रंग हवे आहेत, आणि खाण्याजोगा निळा तर निसर्गात फारच थोडा. अमेरिकेने २०१३ मध्ये खाऊच्या गोळ्या आणि च्युइंगमसाठी स्पिरुलिनाच्या अर्काला परवानगी दिली.

दिव्यांच्या गोष्टीचं मूळ मात्र १८८२ मधलं आहे. जर्मनीच्या थिओडोर एंगलमनने प्रिझमने फोडलेला प्रकाश शेवाळाच्या एका धाग्यावर पाडला. भोवतीच्या पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जिवाणू होते. ते धाग्याच्या तांबड्या आणि निळ्या भागाशी गोळा झाले, हिरव्यात विरळच राहिले. शेवाळाला कोणता प्रकाश मानवतो, ते जिवाणूंनीच दाखवून दिलं! इतका सुंदर प्रयोग मी दुसरा वाचलेला नाही. पुढे १९०२ मध्ये गाइदुकोव यांनी दाखवलं की काही नीलहरित शेवाळं प्रकाशाचा रंग बदलला की स्वतःचाही रंग बदलतात.

पण हवा तोच रंग देणारा स्वस्त दिवा कुठे होता? लाल एलईडी १९६२ मध्ये आला, लख्ख निळा थेट १९९३ मध्ये.

स्पिरुलिनातला निळा रंग म्हणजे फायकोसायनिन. ते ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी-तांबडा प्रकाश शोषतं, म्हणून लाल दिव्याखाली वाढ जोमदार होते. निळ्याखाली वाढ मंदावते, पण अनेक प्रयोगांत पेशीतलं फायकोसायनिनचं प्रमाण वाढलेलं दिसलं. आपल्याकडे ऊन फुकट आहे. वाढ उन्हात करावी आणि दिवे काढणीआधी रंग चढवायला वापरून पाहावेत, असं मला वाटतं. सुकवताना मात्र सावली हवी. मे महिन्यात गच्चीवर पसरलं तर उष्णतेने निळा रंगच मरतो.

टाक्यांत स्पिरुलिना वाढवायच्या पाण्यासाठी १९६६ मधली झारूक यांची कृती आजही चालते: त्यात लिटरमागे १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा असतो. लोणारच्या पाण्यात सोडा मुळातच आहे. आईन-ए-अकबरीत लोणारला काच आणि साबणाचं साहित्य मिळतं अशी नोंद आहे. सरोवरातून निघणाऱ्या क्षारांना डल्ला, पापडी, भुस्की अशी गावची नावं होती. आता ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही. तिथल्या पाण्याला हात न लावता सोडा दुकानातूनच आणावा.