निरोप एक, प्रती किती?

ऑगस्ट 2019 च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43 फूट. शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली. अशा वेळी टॉवरही बंद पडला, तर प्रयाग चिखली गावातून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाला ‘इन्सुलिन पाठवा’ हा निरोप जाणार कसा?

फोनवरून फोनवर. निरोप खिशात साठवायचा, ब्लूटूथ किंवा वायफायच्या टप्प्यात दुसरा फोन आला की त्याला द्यायचा. वाहतूक करणार माणसं आणि होड्या. हे झालं विलंब सोसणारं जाळं.

भेटेल त्याला प्रत द्या, ही पद्धत वहदत आणि बेकर यांनी 2000 मध्ये मांडली. मेमरी आणि बॅटरी अमर्याद असती तर याहून वेगवान काही नाही. पण पुरात गावभर व्हिडिओ फिरतात आणि दोन होड्या एकमेकींजवळून जातात त्या काही सेकंदांपुरत्या. त्या गर्दीत इन्सुलिनचा निरोपच मागे राहायचा.

स्पायरोपोलोस, सोनिस आणि राघवेंद्र यांनी 2005 मध्ये प्रतींवर मर्यादा घातली. समजा, कोटा 16 चा. पहिला भेटेल त्याला 8 चा कोटा द्यायचा, 8 आपल्याकडे. पुढे प्रत्येकाने तसंच निम्मं वाटायचं. फोनमध्ये निरोप एकदाच साठतो. वाटला जातो तो पुढे प्रती काढण्याचा हक्क. हातात एकच उरली की थेट सीपीआरचा फोन गाठेपर्यंत गप्प बसायचं.

सोळाच का? वाहक मोकळे फिरत असतील तर वाट पाहणं ढोबळमानाने प्रतींच्या प्रमाणात घटतं. एका प्रतीला 16 तास लागत असतील तर दोनला 8, सोळांना 1. बत्तीस केल्या तर वाचतो जेमतेम अर्धा तास, आणि ओझं दुप्पट!

खरी गोम पुढेच आहे. सगळ्या प्रती चिखली-सोनतळी एवढंच करणाऱ्या होड्यांत अडकल्या, तर सोळा काय नि साठ काय. म्हणून 2003 च्या ‘प्रॉफेट’ पद्धतीत फोन गाठीभेटींचा हिशेब ठेवतो: भेट झाली की शक्यता वाढते, दिवस गेले की घटते. शहरात जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडे प्रत आधी जाते. मात्र पुरात कालचा रस्ता आज नसतो, त्यामुळे माझ्या मते हा हिशेब झपाट्याने पुसला जायला हवा.

निरोप पोचल्यावरही पंधरा प्रती गावोगाव फिरतच असतात. त्यांच्यामागे ‘पोचला’ अशी चिमुकली पावती सोडतात. ती मिळाली की फोन आपली प्रत पुसून जागा मोकळी करतो.