तर, तरच आणि आत्याबाईच्या मिशा

टेबलावर चार कार्डं ठेवली आहेत. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर आहे, दुसऱ्या बाजूला आकडा. तुम्हाला वरची बाजू तेवढी दिसते: अ, क, ४, ७. नियम असा सांगितलाय की ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते’. हा नियम पाळला गेलाय का, ते तपासायचं आहे. पण उलटायची ती फक्त गरजेची कार्डं. कोणती उलटाल? पुढे वाचण्याआधी मनाशी ठरवून टाका.

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली हे कोडं मांडलं (अक्षरं अर्थातच रोमन होती). तेव्हापासून ते कितीतरी प्रयोगांत वापरून झालंय, आणि बहुतेकांचं उत्तर ‘अ आणि ४’ किंवा नुसतं ‘अ’ असंच येतं. बरोबर उत्तर आहे अ आणि ७. अ का, ते उघड आहे. ७च्या मागे स्वर निघाला तर नियम तिथेच मोडला. ४च्या मागे मात्र काहीही निघो, नियमाला धक्का लागत नाही. स्वरामागे सम संख्या हवी एवढंच ठरलंय. सम संख्येमागे स्वर हवा असं कुणीही म्हटलेलं नाही.

४ उलटणाऱ्यांनी वाक्यात नसलेला एक ‘च’ ऐकलेला असतो. नियम ‘स्वर असेल तरच सम संख्या असते’ असा असता, तर ४ आणि क ही कार्डं उलटावी लागली असती. ‘तर’ आणि ‘तरच’ दोन्ही लागू असते, तर चारही. गंमत म्हणजे ‘अ आणि ४’ हे लोकप्रिय उत्तर यांपैकी कुठल्याच नियमाला पुरं पडत नाही.

मराठीने हा फरक एका अक्षरात बसवलाय, हे मला फार आवडतं. ‘पासवर्ड बरोबर असेल तर प्रवेश मिळेल’ आणि ‘पासवर्ड बरोबर असेल तरच प्रवेश मिळेल’. पहिल्या वाक्यात चुकीच्या पासवर्डबद्दल अवाक्षर नाही; तो टाकणाऱ्यालाही आत घेतलं तरी वाक्य खोटं ठरत नाही. दुसऱ्यात बरोबर पासवर्डवाल्याला प्रवेश मिळेलच याची हमी नाही. बोलताना आपण एक म्हणतो आणि दोन्ही गृहीत धरतो. ऐकणारा सांभाळून घेतो, कॉम्प्युटर घेत नाही. म्हणून संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी विधानांचं तर्कशास्त्र शिकवतात. त्यातला सगळ्यात निसरडा भाग हा ‘तर’ आहे, म्हणून मी आधी तिथेच आलो.

आता थोडी पायाभरणी. जे वाक्य खरं किंवा खोटं ठरवता येतं ते विधान. ‘१७ ही मूळ संख्या आहे’ हे विधान, ‘९ ही मूळ संख्या आहे’ हेही विधानच, फक्त खोटं. ‘दार लाव’ हे विधान नाही. ‘क्ष ५ पेक्षा मोठा आहे’ हेसुद्धा क्षची किंमत कळेपर्यंत विधान नाही. विधानाच्या पोटात काय आहे, याच्याशी या तर्कशास्त्राला देणंघेणं नसतं. त्याला एक खूण द्यायची, प किंवा फ, आणि ते खरं की खोटं एवढंच विचारायचं.

विधानं जोडायला ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे शब्द आहेत. ‘आणि’ला दोन्ही बाजू खऱ्या लागतात. ‘किंवा’ला एक पुरते, दोन्ही असल्या तरी चालतं. दोन्हीपैकी नेमकी एकच बाजू खरी हवी असेल तर त्याला एक्सॉर म्हणतात. ‘येतोस की जातोस?’ मधला ‘की’ त्याच्या जवळचा. आणि ‘पण’? ‘प्रोग्रॅम चालतो पण उत्तर चुकीचं येतं.’ तर्काच्या लेखी हा ‘पण’ म्हणजे निव्वळ ‘आणि’. बोलणाऱ्याच्या मनातली निराशा त्याच्या हिशेबात येत नाही.

सत्यता सारणी म्हणजे प आणि फ यांच्या खरे-खोटेपणाच्या सगळ्या जोड्या लिहून प्रत्येकीसमोर उत्तर मांडणं. दोन विधानांच्या चार जोड्या होतात. ‘प तर फ’ हे यांतल्या एकाच जोडीत खोटं असतं: प खरं आणि फ खोटं. उरलेल्या तिन्हींत खरं. विद्यार्थी अडतात ते इथे. प मुळातच खोटं असताना सगळं वाक्य खरं कसं?

आपल्याकडे म्हण आहे, आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. जरतरच्या फोल गप्पा थांबवायला ती वापरतात. सारणीला मात्र अशा गप्पांचं वावडं नाही. आत्याबाईला मिशा नाहीत असं धरा. मग ‘आत्याबाईला मिशा असतील तर ती काका आहे’ हे खरं. ‘आत्याबाईला मिशा असतील तर ती अंतराळवीर आहे’ हेही तितकंच खरं. इथे मी ‘असत्या’चं ‘असतील’ केलंय, ते मुद्दाम. ‘असत्या तर… म्हटलं असतं’ हा व्याकरणातला संकेतार्थ. तो न घडलेल्या जगाबद्दल बोलतो, आणि ते या साध्या सारणीच्या आवाक्याबाहेरचं आहे.

जर-तर केव्हा खरं मानायचं, हा वाद जुना आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास ग्रीसमध्ये फिलो हा तत्त्वज्ञ आणि त्याचा गुरू डायोडोरस यांचं यावरूनच बिनसलं होतं. आजची सारणी फिलोच्या बाजूची. कवी कॅलिमॅकसने तर लिहून ठेवलंय की कुठलं जर-तर खरं, यावर छपरावरचे कावळेसुद्धा काव काव करताहेत.

फिलोची बाजू का घ्यायची? ‘संख्येला ४ ने भाग जात असेल तर ती सम असते’ हा नियम बघा. तो सगळ्या पूर्ण संख्यांना लागू आहे, यावर कुणाचं दुमत नाही. मग तो ८ ला लागू हवा, तसा ६ ला आणि ७ लाही. ८ साठी दोन्ही भाग खरे. ६ साठी पहिला खोटा, दुसरा खरा. ७ साठी दोन्ही खोटे. या ओळींसमोर ‘खरं’ लिहिलं नाही, तर ६ आणि ७ हे या नियमाला अपवाद ठरतील, आणि गणितातला एकही सर्वसाधारण नियम शिल्लक राहणार नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ‘ऑल’ हे फंक्शन यादीतले सगळे अट पाळतात का ते सांगतं. ते रिकाम्या यादीवर चालवून बघा, उत्तर ‘ट्रू’, म्हणजे खरं, येतं. तेही याच कारणाने: यादीत कुणीच नाही, म्हणून अट मोडणाराही कुणी नाही.

एक घोळ इथेच मिटवतो. प्रोग्रॅममधला ‘इफ’ आणि तर्कातला ‘तर’ एक नव्हेत. ‘इफ’ ही आज्ञा आहे: अट खरी असेल तर पुढचं काम कर. आज्ञा खरी-खोटी नसते. तर्कातला ‘तर’ दोन विधानांचं तिसरं विधान करतो, आणि त्या तिसऱ्याला स्वतःचा खरे-खोटेपणा असतो.

नकाराचे वेगळेच ताप. वापरणाऱ्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ टाइप करेपर्यंत विचारत राहायचं, असा लूप मी एकदा लिहिला होता. अट घातली: ‘उत्तर हो नसेल किंवा उत्तर नाही नसेल, तोवर विचार’. वाचताना अगदी सरळ वाटते. पण कुठलंही उत्तर एकाच वेळी ‘हो’ आणि ‘नाही’ नसतं, म्हणून यातली एक बाजू कायम खरी, आणि प्रोग्रॅम विचारतच राहिला. अख्खी संध्याकाळ मी इनपुट वाचणाऱ्या फंक्शनमध्ये बग शोधत होतो. खरं तर ‘हो किंवा नाही’ या कंसाबाहेर नकार होता, आणि नकार कंसात शिरला की ‘किंवा’चं ‘आणि’ होतं. हा डी मॉर्गनचा नियम. ऑगस्टस डी मॉर्गन हा गणितज्ञ जन्मला मदुराईत, १८०६ साली.

त्याचा समकालीन जॉर्ज बूल याने १८४७ मध्ये तर्काला बीजगणिताचं रूप दिलं. पुढे १९३७ साली क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवलं की विजेच्या स्विचांची जोडणी नेमकं हेच बीजगणित पाळते: एकापाठोपाठ जोडलेले स्विच म्हणजे ‘आणि’, समांतर जोडलेले म्हणजे ‘किंवा’. कॉम्प्युटरमधली लॉजिक गेट्स, म्हणजे ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ करणारी छोटी सर्किट्स, तिथून आली.

सारणी सोपी, पण तिची वाढ भयंकर. विधानं २० झाली की ओळी १० लाख ४८ हजार ५७६. ६० झाली आणि सेकंदाला १०० कोटी ओळी तपासल्या, तरी सुमारे ३६ वर्षं लागतील. दिलेलं सूत्र खरं करणारी एखादी तरी ओळ आहे का, या प्रश्नाला सॅट म्हणतात. १९७१ मध्ये स्टीफन कुक यांनी दाखवलं की ज्यांचं उत्तर झटपट तपासता येतं असे सगळे प्रश्न सॅटच्या रूपात मांडता येतात. सॅट प्रत्येक वेळी झटपट सोडवणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही, आणि अशी पद्धत नाहीच हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.

तरीही चिपची रचना तपासताना सॅट सोडवणारे प्रोग्रॅम लाखो विधानं हाताळतात. त्यांची एक मुख्य युक्ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. ‘प तर फ’ हे आधी ‘प नाही, किंवा फ’ असं लिहायचं. दोन्हींची सारणी एकच येते. मग ‘किंवा’ची एक बाजू खोटी ठरली की दुसरी सक्तीने खरी धरायची, आणि एक बाजू आधीच खरी असेल तर ते वाक्य सोडून द्यायचं.

कार्डांचा नियम या रूपात होतो ‘स्वर नाही, किंवा सम आहे’. क दिसला, पहिली बाजू खरी, सोडा. ४ दिसला, दुसरी खरी, सोडा. अ दिसला, पहिली खोटी, म्हणून मागे सम संख्याच हवी. ७ दिसला, दुसरी खोटी, म्हणून मागे स्वर नकोच. आपली नजर ‘जर’कडून ‘तर’कडे एकाच दिशेने जाते. प्रोग्रॅमसमोर दिशाच उरलेली नसते, त्यामुळे अ आणि ७ ही दोन्ही कार्डं त्याला सारखीच दिसतात.