दूरस्थ वैद्यकीय लेखनसाहाय्य

दूरस्थ वैद्यकीय लेखनसाहाय्य : तपासणीच्या नोंदी, बिलाचे संकेतांक, विमा कंपनीची मंजुरी, पुढच्या भेटीच्या वेळा ही डॉक्टरच्या मागे लागणारी लिखापढी दवाखान्याबाहेर, बहुधा परदेशात, बसलेल्या माणसाकडून किंवा संगणकप्रणालीकडून करून घेण्याची पद्धत. ती अमेरिकेत वाढली. लिहिणारे हात मात्र मोठ्या प्रमाणावर भारत, फिलिपीन्स आणि बांगलादेशातले. आपल्याकडे केसपेपर काढणारा आणि डॉक्टर सांगतील ते उतरवून घेणारा कंपाउंडर हा तिचा पूर्वज म्हणायला हरकत नाही. तो पडद्यापलीकडे बसे, हा समुद्रापलीकडे बसतो.

पहिला टप्पा ध्वनिमुद्रित मजकुराचा. डॉक्टर दिवसअखेर टेपवर किंवा फोनवर नोंदी सांगे आणि टंकलेखक त्या उतरवी. १९९०च्या दशकात हे काम भारतात येऊ लागले, त्याला स्वस्त मजुरीइतकीच घड्याळाची मदत झाली. न्यूयॉर्क आणि मुंबई यांच्यात साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर आहे. तिकडे संध्याकाळी सांगितलेला मजकूर इकडे दिवसा लिहून व्हायचा आणि डॉक्टर सकाळी येईपर्यंत तयार असायचा. ‘मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन’ शिकवणारे वर्ग शहराशहरांत निघाले ते याच काळात.

या साखळीचा धोका ऑक्टोबर २००३ मध्ये उघड झाला. सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने बाहेर दिलेले काम एका कंत्राटदाराकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे करत कराचीतील एका टंकलेखिकेपर्यंत पोहोचले होते. आपले थकलेले पैसे मिळाले नाहीत तर रुग्णांच्या नोंदी इंटरनेटवर टाकीन, अशी धमकी तिने दिली. पैसे हाती पडल्यावर ती मागेही घेतली. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे अमेरिकेतील नियम १९९६ सालच्या हिपा कायद्याखाली झाले होते, पण त्यांचा धाक कराचीपर्यंत कसा पोहोचणार, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला.

खरी कोंडी पुढे झाली. २००९च्या हायटेक कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी सरकारी अनुदान देऊ केले आणि नंतर त्या न ठेवणाऱ्यांच्या सरकारी देयकांना कात्री लावली. कागद गेले, पण टंकलेखनाचे ओझे टंकलेखकाकडून थेट डॉक्टरच्या बोटांवर आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात ५७ डॉक्टरांचे कामाचे तास मोजले गेले. रुग्णासमोर २७ टक्के वेळ आणि संगणक व कागदपत्रांत ४९ टक्के, असा हिशेब निघाला. घरी जेवणानंतर नोंदी पुऱ्या करण्याच्या वेळेला तिथले डॉक्टर ‘पायजमा टाइम’ म्हणतात. थट्टेतला शब्द आहे, पण त्यात रडगाणेही आहे.

यातून दुसऱ्या टप्प्यातला दूरस्थ लेखनिक आला. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या ऑगमेडिक्स कंपनीने डॉक्टरच्या डोळ्यांवर गूगल ग्लास हा कॅमेरा बसवलेला चष्मा चढवला. तपासणीच्या खोलीतले दृश्य आणि संभाषण ढाक्यासारख्या ठिकाणी बसलेला लेखनिक पाहत-ऐकत असे आणि तिथल्या तिथे नोंद भरत असे. इथे घड्याळाची जुनी सोय मोडली. टेपचे काम दिवसा करता येई, थेट कामाला डॉक्टरबरोबर जागणे आले. या व्यवसायातली रात्रपाळी ही या बदलाची किंमत आहे, आणि ती दवाखान्याच्या जमाखर्चात कुठेच दिसत नाही. महाराष्ट्राचा इथे थेट संबंध येतो : नवी मुंबईतील आयकेएस हेल्थ ही कंपनी अमेरिकी डॉक्टरांची अशीच लिखापढी सांभाळते. तिने २०२३ साली ॲक्विटी ही नोंदी लिहिण्याच्या क्षेत्रातली अमेरिकी कंपनी विकत घेतली आणि डिसेंबर २०२४ मध्ये आयकेएसचे समभाग बाजारात आले.

तिसऱ्या टप्प्यात ऐकणारा माणूस गेला. खोलीतले बोलणे मोबाइल टिपतो, भाषाप्रारूप (मजकूर तयार करणारी संगणकप्रणाली) त्यातून नोंदीचा मसुदा करते, डॉक्टर वाचून सही करतो. याला ‘ॲम्बियंट स्क्राइब’ म्हणतात. न्युआन्स या कंपनीच्या डॅक्स प्रणालीने हा प्रकार रूढ केला. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२२ मध्ये ती कंपनी घेतली. डॅक्सच्या सुरुवातीच्या रूपात यंत्राचा मसुदा माणसे तपासत आणि मग तो डॉक्टरकडे जाई. म्हणजे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या पाटीमागे काही काळ दूरस्थ लेखनिकच बसला होता. कॅलिफोर्नियातील परमनंटे मेडिकल ग्रुप या डॉक्टरांच्या संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशी प्रणाली आणली, तेव्हा १० आठवड्यांत ३,४४२ डॉक्टरांनी ती तीन लाखांहून जास्त भेटींसाठी वापरली. ज्यांचे टंकन जास्त, त्यांनी ती अधिक वापरली.

यंत्राच्या चुका माणसाच्या चुकांसारख्या नसतात. लेखनिकाला ऐकू आले नाही तर तो जागा मोकळी सोडतो किंवा विचारतो. यंत्र ती जागा भरून टाकते. बोलणे ऐकून ते लिहून काढणाऱ्या व्हिस्पर या प्रणालीवरच्या २०२४ च्या अभ्यासात सुमारे एक टक्का ध्वनिफितींत कुणीच न उच्चारलेली वाक्ये सापडली. वाचाघातामुळे अडखळत, थांबत बोलणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण जास्त होते. थोडक्यात, ज्यांना जपून ऐकायला हवे त्यांच्याच तोंडी भलते शब्द अधिक घातले गेले.

नोंदींपलीकडचे मोठे काम विम्याच्या पूर्वमंजुरीचे, म्हणजे उपचाराआधी विमा कंपनीचा होकार मिळवण्याचे. फोन धरून तासन्‌तास थांबणे हे दूरस्थ साहाय्यकाचे रोजचे काम. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने मेडिकेअर ॲडव्हांटेजसारख्या सरकारी पैशावर चालणाऱ्या विमा योजनांना २०२६ पासून तातडीच्या अर्जाचा निकाल ७२ तासांत आणि साध्या अर्जाचा सात दिवसांत देण्याचे बंधन घातले. आता अर्ज भरायला यंत्र आणि तपासायलाही यंत्र, अशी जुगलबंदी जुंपली आहे.

भारतात गरज वेगळी आहे. इथल्या खासगी दवाखान्यात विम्याची कटकट तुलनेने कमी, रांग मोठी आणि केसपेपरवरची नोंद दोन ओळींची. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात; सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे त्या संगणकावर आणण्याचा रेटा वाढला. पण भाषेची अडचण उरतेच. मराठी रुग्ण ‘अंगात कणकण आहे’, ‘हातापायाला मुंग्या येतात’, ‘गरगरतंय’ असे सांगतो आणि डॉक्टर त्याच वाक्यात इंग्रजी औषधाचे नाव घेतो. ‘पोटात गोळा येतो’ म्हणणाऱ्या बाईला भीती वाटते आहे, वात धरला आहे की हाताला काही लागते आहे, हे तिच्या पोटावर हात ठेवल्यावाचून कळत नाही.